खिम्याचे पॅटिस: डाळीसोबत शिजवून वाटलेले की कच्च्या खिम्याचे?

रात्रीच्या जेवणाला घरी खिम्याचे पॅटिस करायचे ठरले की खिमा आधी हरभरा डाळीसोबत शिजवून, वाटून मग तळायचा, की कच्चाच मळून थेट तव्यावर टाकायचा, हे सर्वांत आधी ठरवावे लागते. खिमा किती बारीक काढून आणायचा, त्यात चरबी किती असावी, कांदा कोणता घ्यावा आणि संध्याकाळी ओट्यापाशी किती वेळ उभे राहावे लागेल, हे सारे त्या निवडीवर अवलंबून असते. दोन्ही पद्धती उत्तम आहेत, परंतु एकीचे नियम दुसरीला लावले की पॅटिस तव्यावर फुटतात किंवा चामड्यासारखे चिवट होतात.

पहिली पद्धत शामी कबाबाची आहे. अर्धा किलो मटणाच्या खिम्याला साधारण १०० ग्रॅम हरभरा डाळ अर्धा तास भिजवून घ्यावी. दोन्ही एकत्र करून आले-लसूण, कांदा, दालचिनी, लवंग, मोठी वेलची, मीठ आणि अर्धी वाटी पाणी घालून कुकरमध्ये तीन ते चार शिट्ट्या द्याव्यात. याच्या पुढची पायरी बहुतेक जण घाईने उरकतात, आणि सारे यश नेमके तिच्यावरच असते. कुकर उघडल्यावर तळाशी जे पाणी दिसते ते मोठ्या आचेवर, सतत ढवळत, पूर्णपणे आटवावे लागते. भांड्याच्या तळावरून उलथने ओढले असता मागे कोरडी रेघ राहिली पाहिजे आणि खिमा चुरचुरल्याचा आवाज आला पाहिजे. त्यानंतर मिश्रण पूर्ण गार होऊ द्यावे आणि मिक्सरमध्ये पाण्याचा थेंबही न घालता, थांबून थांबून फिरवावे. पाटा-वरवंटा असेल तर उत्तमच, कारण त्यावर खिम्याचा तंतू राहतो आणि डाळ मात्र मऊ होते. मग बारीक चिरलेला पुदिना, कोथिंबीर, हिरवी मिरची आणि लागल्यास एक अंडे घालून पॅटिस थापावेत. अर्ध्या किलोत मध्यम आकाराचे १२ पॅटिस सहज होतात.

कच्च्या खिम्याच्या पद्धतीत शिजवणे आणि वाटणे दोन्ही वाचते, पण खरेदी आणि मळणे यांत कसलीही सूट मिळत नाही. येथे पॅटिस धरून ठेवण्याचे काम मांसातील प्रथिने करतात. मीठ घालून खिमा चार-पाच मिनिटे मळला की ही प्रथिने सुटून चिकट होतात आणि गोळा हाताला चिकटू लागतो. तेथेच थांबावे, कारण त्याहून अधिक मळल्यास पॅटिस रबरासारखे लागतात. आधाराला दोन मोठे चमचे डाळ्याचे पीठ किंवा दुधात भिजवून पिळलेला एखादा ब्रेड पुरतो. पॅटिस दीड सेंटिमीटरपेक्षा जाड ठेवू नयेत आणि मध्यभागी अंगठ्याने हलका खळगा करावा, म्हणजे आक्रसताना ते मधोमध फुगत नाहीत. मध्यम आचेवरील जड तव्यावर प्रत्येक बाजूला चार ते पाच मिनिटे लागतात. उलथन्याने दाबण्याचा मोह टाळावा, कारण दाबताना जे चुरचुरते तो आतला रसच असतो.

खाटकाकडे काय मागायचे, तेही पद्धतीनुसार बदलते. शिजवून वाटायचे असेल तर मांडीचा, कमी चरबीचा खिमा चालतो. डाळ ओलावा धरून ठेवते. कच्च्या पद्धतीला मात्र खांद्याचे मांस आणि वजनाच्या १५ ते २० टक्के चरबी हवीच, नाहीतर पॅटिस कोरडे पडतात. खिमा मशीनमधून दोनदा काढून घ्यावा. आपल्याकडे घरी आणलेला खिमा धुण्याची सवय आहे. पहिल्या पद्धतीत ते पाणी पुढे आटते, पण दुसऱ्या पद्धतीत धुतलेला खिमा म्हणजे हमखास फुटणारे पॅटिस. म्हणून मटण तुकड्यांतच धुऊन, निथळून मग त्याचा खिमा करून द्यायला सांगावे. बहुतेक दुकानदार ते आनंदाने करतात.

कांद्याच्या बाबतीत नाशिककरांना निवडीची चैन आहे आणि ती वापरलीच पाहिजे. खरिपाचा लाल कांदा पाणीदार असतो. तो कच्च्या खिम्यात चिरून घातला की मीठ लागताच पाणी सोडतो आणि थापलेली कड सुटू लागते. उन्हाळ कांदा, जो लासलगाव-निफाडकडच्या चाळींत महिनोन्महिने टिकतो, तो घट्ट आणि कमी ओलसर असल्याने या कामाला कितीतरी सरस आहे. हिवाळ्यात लाल कांद्यावाचून पर्याय नसेल तर तो किसून, मीठ चोळून दहा मिनिटे ठेवावा आणि फडक्यात घट्ट पिळून मगच घालावा. शिजवण्याच्या पद्धतीत कोणताही कांदा चालतो.

चवीचा प्रश्न उरतो, आणि तेथे माझे मत स्पष्ट आहे. मटणाची अस्सल चव, दाताखाली येणारा दाणा आणि तव्यावर खरपूस झालेली कड हवी असेल तर कच्च्या खिम्याच्या पॅटिसांना तोड नाही. बाजरीची गरम भाकरी, त्यावर पॅटिस आणि शेजारी लिंबू पिळलेला कांदा, एवढ्यावर जेवण होते. परंतु घरात कवळी वापरणारे आजी-आजोबा आणि चार-पाच वर्षांची मुले एकाच पंगतीला बसत असतील तर मी शिजवून वाटलेल्या पॅटिसांचीच शिफारस करेन. ते जिभेवर विरघळतात, मसाला आतपर्यंत मुरलेला असतो आणि डाळीमुळे तेवढ्याच मटणात आणखी दोन माणसे जेवतात. मटणाचा भाव पाहता हा मुद्दा लहान नाही. कच्च्या पद्धतीत मऊपणासाठी कच्च्या पपईचा कीस घालता येतो, मात्र अर्ध्या किलोला एक चहाचा चमचा आणि तासाभराचा अवधी एवढेच प्रमाण ठेवावे. जास्त झाल्यास खिम्याचा लगदा होतो.

काळा मसाला घालायचा असेल तर तो शिजवलेल्या मिश्रणात घालावा. त्यातील भाजलेले खोबरे कच्च्या पॅटिसात तव्यावर लवकर करपते आणि कडवटपणा येतो.

चिकनचा खिमा स्वस्त पडतो आणि लवकर शिजतो, म्हणून अनेकांचा ओढा तिकडे असतो. डाळीसोबत शिजवून वाटल्यावर मात्र तो पिठूळ लागतो, त्यामुळे चिकनला कच्चीच पद्धत योग्य. छातीऐवजी मांडीचे मांस घ्यावे, भिजवलेला ब्रेड घालावा आणि एक चमचा तेल किंवा लोणी मिसळावे.

सुरक्षिततेचा फरक निर्णय घेताना हलका मानू नये. अख्ख्या तुकड्यावरील जंतू पृष्ठभागावर असतात. खिमा करताना ते आतपर्यंत मिसळतात, म्हणून पॅटिसाचा मधला भाग पूर्ण शिजणे आवश्यक असते. मटणाच्या खिम्यासाठी हे तापमान ७१ अंश सेल्सिअस आणि चिकनसाठी ७४ अंश आहे. रंगावरून खात्री होत नाही, त्यामुळे कच्च्या पद्धतीने नेहमी करणाऱ्यांनी स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्यावाच. शिजवून वाटण्याच्या पद्धतीत ही काळजी कुकरच घेतो आणि तळणे केवळ रंगापुरते, बाजूला दोन-तीन मिनिटांचे राहते. एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशीला टेकत असताना, नाशिकरोडहून किंवा जुन्या नाशकातून खिमा घेऊन इतर कामे उरकत फिरू नये. ३२ अंशांच्या वर कच्चे मांस तासाभरात फ्रिजमध्ये गेले पाहिजे.

येथेच वार पाळणाऱ्या घरांचा विचार येतो. रविवारी आणलेला खिमा, सोमवार वर्ज्य, मंगळवार गणपतीचा, म्हणजे पुढचा मोकळा दिवस बुधवार. कच्चा खिमा फ्रिजमध्ये ४ अंशांखाली एक ते दोन दिवसच ठेवावा, त्यामुळे बुधवारी तो वापरणे योग्य नाही. शिजवून, आटवून, वाटलेले मिश्रण तीन ते चार दिवस चांगले राहते. रविवारी निवांत वेळी ते करून ठेवले तर बुधवारी कामावरून परतल्यावर थापून तळायला अर्धा तास पुरतो. नोकरी करणाऱ्या जोडप्यांसाठी माझ्या दृष्टीने हा या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ आहे. कच्ची पद्धत त्या घरांना सोयीची, जेथे सकाळी खिमा येतो आणि त्याच रात्री पंगत बसते.

त्याहून अधिक दिवस ठेवायचे असल्यास दोन्ही प्रकारचे पॅटिस थापून, ताटात एकमेकांना न चिकटतील असे मांडून आधी फ्रीझरमध्ये कडक करावेत आणि मग थरांमध्ये बटर पेपर घालून डब्यात भरावेत. उणे १८ अंशांवर ते दोन-तीन महिने चवीला चांगले राहतात. शिजवलेल्या मिश्रणाचे पॅटिस गोठलेलेच अंड्यात बुडवून मंद आचेवर तळता येतात, फक्त आतपर्यंत वाफाळते गरम झाले आहेत याची खात्री करावी. कच्च्या खिम्याचे मात्र आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात उतरवावेत, आणि त्यांतून सुटलेले पाणी टिपल्याशिवाय तव्यावर टाकू नयेत.