मोझेल आणि बाडेन: 2018चं ऊन, 2021चा पाऊस

मोझेल आणि बाडेन हे जर्मनीतले दोन वाइन-प्रदेश. मोझेलच्या उभ्या उतारांवर रिसलिंग, म्हणजे पांढऱ्या वाइनची द्राक्षजात. तिथली स्लेटची जमीन दिवसा तापते, रात्री ऊब सोडते. बाडेन दक्षिणेला, जास्त उबदार. तिथल्या कायझरश्टूलच्या ज्वालामुखी टेकड्यांवर श्पेटबुर्गुंडर, म्हणजे पिनो न्वार ही लाल वाइनची द्राक्षजात, छान पिकते.

2018च्या कडक उन्हाळ्यात तोडणी दोन्हीकडे लवकर झाली. साखर भरपूर, आंबटपणा कमी. श्पेटबुर्गुंडरला ते मानवलं. रिसलिंगचा मात्र जीवच आंबटपणात.

2021 अगदी उलट. थंड, ओला उन्हाळा, वेलींवर केवडा रोग, फवारणीसाठी उतारावर चढउतार, उशिरा तोडणी. उत्पन्न घटलं. पण ज्यांनी निरोगी घड निवडून तोडले, त्यांची मोझेल रिसलिंग तरतरीत, कमी अल्कोहोलची उतरली. मुरवायला ठेवायची तर मी 2021चीच बाटली घेईन. लाल वाइन हवी असेल तर बाडेनची 2018.