नवा म्हणून रंगवून दिलेला बेअरिंग कॅरिअर

होंडाची १९८५ सालची एटीसी २५०आर ही तीनचाकी माझ्याकडे चार वर्षांपासून आहे. अमेरिकेत अशा तीनचाकींची नवी विक्री १९८८ च्या न्यायालयीन करारानंतर बंद झाली, त्यामुळे या गाड्यांचे मूळ सुटे भाग आता फार मुश्किलीने मिळतात. मिशिगनमधील एका दुरुस्तीवाल्याने याच टंचाईचा फायदा घेऊन मला फसवले. ज्यांच्याकडे अशी जुनी गाडी आहे, त्यांनी मागच्या ॲक्सलचे काम बाहेर देण्यापूर्वी हे वाचावे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

या गाडीला मागे डिफरन्शिअल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नसते. दोन्ही चाके एकाच अखंड ॲक्सलवर असतात आणि तो ॲक्सल स्विंगआर्मच्या (मागचे चाक धरणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या दांड्याच्या) टोकाला बसवलेल्या ॲल्युमिनिअमच्या घरातून जातो. हे घर म्हणजेच बेअरिंग कॅरिअर. त्यात दोन बेअरिंग, त्यांच्या मधोमध एक कॉलर (अंतर राखणारी नळी) आणि दोन्ही टोकांना ऑइल सील असतात. चेनचा ताण, ब्रेकचा झटका आणि उडीनंतरचा आदळा हे सगळे या लहानशा घराला सोसावे लागते. बेअरिंग झिजले तर नवे घालता येते; पण बेअरिंगची बाहेरची रिंग घरातच फिरू लागली की बोअर, म्हणजे बेअरिंग बसायचे गोल भोक, मोठा होतो आणि मग कितीही चांगले बेअरिंग घातले तरी ते ढिलेच बसते. माझ्या गाडीचे नेमके हेच झाले होते. मागची बाजू उचलून चाक वर-खाली धरून हलवले की ॲक्सलला स्पष्ट प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवत असे.

दुरुस्तीवाल्याने सांगितले की त्याच्याकडे जुन्या साठ्यातला, न वापरलेला मूळ कॅरिअर आहे. कॅरिअर, बेअरिंग, कॉलर, सील आणि मजुरी मिळून त्याने ६४० डॉलर घेतले. रोख दिल्यास थोडी सूट देतो म्हणाला, म्हणून मी रोख दिले. हाताने लिहिलेल्या बिलावर फक्त ‘कॅरिअर बदलला’ एवढेच होते. पार्ट नंबर नव्हता. गाडी घ्यायला गेलो तेव्हा कॅरिअर चकचकीत चंदेरी दिसत होता आणि प्लेही नव्हता. मी समाधानाने घरी आलो.

तिसऱ्या आठवड्यात सिल्व्हर लेकच्या वाळूच्या टेकड्यांवर गाडी घेऊन गेलो असताना मागच्या ब्रेकचे पेडल पहिल्या दाबाला खोल जाऊ लागले आणि दुसऱ्या दाबाला पुन्हा घट्ट होऊ लागले. ब्रेकमध्ये हवा शिरली असावी असे मला आधी वाटले. पण ॲक्सल हलू लागला की डिस्क वाकडी फिरते आणि पॅडना मागे ढकलते, म्हणून पेडल असे वागते. उतारावर ही गोष्ट जिवावर बेतू शकते. थांबून कॅरिअरवर हात ठेवला तर तो चटका बसेल इतका तापला होता.

घरी आल्यावर ॲक्सल काढला. बेअरिंग बाहेर काढायला प्रेस लागला नाही, ओढून काढायचा पुलरही लागला नाही. दोन बोटांनी ते निघून आले. बोअरच्या आतल्या भिंतीवर सेंटर पंचने (टोकदार हत्याराने) मारलेल्या टिंबांची रांग होती आणि त्या टिंबांमध्ये चिकटद्रव्याचा हिरवा, सुकलेला थर होता. मोठा झालेला बोअर असा पंच मारून तात्पुरता आवळला होता. दोन बेअरिंगच्या मधली कॉलर तर जागेवर नव्हतीच. ती नसताना ॲक्सलचे नट आवळले की आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात, गोळ्यांवर आडवा भार येतो आणि बेअरिंग लवकर जळते.

मग मी कॅरिअरच्या तळाचा रंग थिनरने पुसला. रंगाखालून चंद्रकोरीसारखी एक खाच वर आली. दोन वर्षांपूर्वी दगडावर आपटून पडलेली ही माझ्याच गाडीची खाच, तिचा जुना फोटो माझ्या फोनमध्ये होता. म्हणजे कॅरिअर बदललाच नव्हता. वाळूच्या माऱ्याने साफ करून त्याच्यावर रंग मारला होता. दुरुस्तीवाल्याला फोटो पाठवले, तर ‘काम केले तेव्हा ठीक होते’ एवढे उत्तर आले आणि पुढे फोन उचलणे बंद झाले. रोख पैसे आणि मोघम बिल, यामुळे माझ्या हातात काही उरले नाही.

माझ्या वडिलांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात तीस वर्षे लेथ चालवला. त्यांना फोनवर हे सांगितले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “काढलेला जुना माल परत मागितलास का?” मी मागितला नव्हता. ते पुढे म्हणाले, “अरे, बोअर खराब झाला तर स्लीव्ह (आतून बसवायची धातूची नळी) मारून द्यायचा. ते चांगलं काम आहे. पण मारलाय म्हणून गिऱ्हाइकाला सांगायचं.” मला हे पूर्ण पटते. नीट बोअर करून स्लीव्ह बसवलेला कॅरिअर मी आनंदाने घेतला असता आणि त्याचे योग्य पैसेही दिले असते.

म्हणून ज्यांना हे काम करून घ्यायचे आहे त्यांनी गाडी देण्यापूर्वी कॅरिअरवर आतल्या बाजूला, सहज दिसणार नाही अशी खूण करावी आणि तिचा फोटो ठेवावा. काढलेला कॅरिअर व कॉलर परत हवी, हे आधीच लिहून घ्यावे. शक्य असल्यास बेअरिंग बसवताना समोर उभे राहावे. कॅरिअर थंड असताना चांगल्या बोअरमध्ये बेअरिंग हाताने जात नाही. कॅरिअर भट्टीत तापवावा लागतो, बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवावे लागते, आणि मग ते अलगद आत उतरते. थंड कॅरिअरमध्ये बेअरिंग हाताने सरकले, तर बाहेरचा रंग कितीही नवा असो, काम तिथेच थांबवावे. पैसे कार्डाने द्यावेत.

आता दुसरीकडून मी नवा कॅरिअर आणला आहे. बसवण्यापूर्वी दोन्ही बोअर मायक्रोमीटरने मोजले, आकडे कागदावर लिहिले आणि तो कागद कॅरिअरशेजारी ठेवून फोटो काढला. जुना कॅरिअर गॅरेजच्या फळीवर ठेवला आहे, रंग पुसलेली खाच वर येईल असा.