अंबाबाईचं मॅग्नेट ट्रेलरला चिकटलं, तिथं कळलं

आधी एक कबुली देतो. मी फसलो त्यात निम्मा वाटा माझ्या 52 हजार वाचवायच्या हावेचा होता. हे सुरुवातीलाच सांगितलं की पुढचं लिहायला जरा सोपं जातं.

दुसरी कबुली जास्त लाजिरवाणी आहे. मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचो. लोहचुंबक, घनता आणि तरफ हे तीन धडे मी इतक्या वेळा शिकवलेत की झोपेतही फळ्यावर आकृती काढीन. नेमक्या त्या तीन धड्यांत मला एका पस्तिशीच्या पोरानं नापास केलं.

निवृत्तीनंतर मुलाकडं पुण्याला जाऊन फ्लॅटच्या गॅलरीत बसायचं नाही, हे आम्हा दोघांचं ठरलेलं. हिवाळ्यात दोन महिने कोकणात जायचं, जिथं आवडेल तिथं चार-आठ दिवस राहायचं. रोज लॉज परवडत नाही. मोठी व्हॅन घेऊन तिचं घर करायचं म्हटलं तर आकडा ऐकूनच गप्प बसलो. मग लहान सामानाच्या ट्रेलरची कल्पना सुचली. चार भिंती, छप्पर, मागं वर उघडणारं दार. आत गादी, मागच्या दारात शेगडी. मुक्कामाला पोचलं की ट्रेलर सोडून ठेवायचा आणि भाजी आणायला नुसती गाडी न्यायची. अमेरिकेत 1930च्या दशकापासून लोक थेंबाच्या आकाराचे असले छोटे ट्रेलर घरच्या घरी बनवतात. आपल्याकडं ऊसतोडीची टोळी अख्खा हंगाम संसार बरोबर घेऊन हिंडते, त्याला कुणी कॅम्पिंग म्हणत नाही एवढंच.

कोल्हापुरात बनवून घ्यायचं म्हटल्यावर मला चिंता नव्हती. उद्यमनगरात तुटका भाग घेऊन गेलं तर संध्याकाळपर्यंत नवा हातात मिळतो, या भरवशावर आपण वाढलोय. ज्यानं मला फसवलं त्याचं नाव आणि गाळा कुठला हे मी लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. गडी बोलायला गोड. पहिल्या भेटीत चहा, दुसऱ्या भेटीत मिसळ. "सर, तुमच्यासारख्या माणसाचं काम म्हणजे आमची जाहिरातच. नाद खुळा करून देतो!"

ठरलं ते असं. आठ फूट लांब, पाच फूट रुंद, पाच फूट उंच पेटी. भिंती आणि छप्पर ॲल्युमिनियमच्या 1.2 मिलिमीटर पत्र्याचे. खाली रबराचा नवा टॉर्शन एक्सल, म्हणजे स्प्रिंगऐवजी रबरावर दणके झेलणारा चाकांचा दांडा. रिकाम्या ट्रेलरचं वजन 340 किलोच्या आत. आरटीओचा नंबर तो काढून देणार. किंमत 2 लाख 90 हजार. आणि मग ते वाक्य आलं: "पक्कं बिल पाहिजे तर करतो सर, पण 18 टक्के लागतील, 52 हजार उगाच सरकारला. तुमची पेन्शन, तुम्ही बघा." मी बघितलं. कच्च्या चिठ्ठीवर तयार झालो. ॲडव्हान्स दीड लाख. त्यातला एक लाख यूपीआयनं गेला, कारण त्या दिवशी त्याहून जास्त जातच नव्हता. उरलेले 50 हजार रोख. ती एक लाखाची मर्यादा नसती तर आज माझ्या हातात काहीच पुरावा नसता.

पंचवीस दिवसांचे चार महिने झाले. दर वेळी नवं कारण. अर्धवट काम बघायला गेलो की गाळ्याचं शटर बंद, नाहीतर "सर, आत्ताच प्रायमर मारलाय, हात लावू नका." हे हात लावू नका मला तेव्हा खटकायला हवं होतं. मार्चमध्ये ट्रेलर दारात आला. चकचकीत चंदेरी, मागं एमएच-09ची पाटी लावलेली. उरलेले 1 लाख 40 हजार त्यानं रोखच मागितले आणि मी दिले.

हिनं दुसऱ्या दिवशी आत पडदे लावले, मसाल्याचे डबे मांडले. मग घरच्या फ्रीजवरचं अंबाबाईचं मॅग्नेट आणून दाराच्या वरच्या अंगाला बाहेरून लावलं. "देवीच्या नजरेखाली झोपू." मी खालून कौतुकानं बघत होतो. मॅग्नेट खट् करून बसलं.

दोन मिनिटं मला काही सुचलं नाही. नंतर हीच म्हणाली, "अहो, हे ॲल्युमिनियम ना?"

मॅग्नेट काढून भिंतीवर फिरवलं, छपरावर फिरवलं. सगळीकडं चिकटलं. कोपऱ्यात किल्लीनं खरवडलं तर चंदेरी रंगाखाली लालसर प्रायमर आणि त्याखाली साधा लोखंडी पत्रा. त्याला फोन केला तर म्हणतो, "सर, आत लोखंडी फ्रेम आहे, चुंबक तिला ओढतंय." फ्रीजवरच्या चिमुकल्या मॅग्नेटला ॲल्युमिनियमच्या आडून फ्रेम कशी ओढून धरेल? आणि फ्रेमची नळी तर दीड फुटावर एक.

खरं तर तेव्हाच थांबायला हवं होतं. पण माणूस स्वतःची समजूत घालतो. लोखंड तर लोखंड, मजबूत असेल, असं म्हणून आम्ही दोन दिवसांनी सामान भरून रत्नागिरी रस्त्याला लागलो. मलकापूरच्या पुढं उतारावर, साठच्या वेगात, मागून कुणीतरी गाडीची शेपटी धरून हलवल्यासारखं झालं. आरशात बघितलं तर ट्रेलर डावीकडं, उजवीकडं, पुन्हा डावीकडं, आणि प्रत्येक झोका आधीपेक्षा मोठा. समोरून एसटी येत होती. नशिबानं एक गोष्ट वाचलेली आठवली. अशा वेळी जोरात ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग उलटं फिरवून सावरायलाही जायचं नाही. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा. वेग चाळीसच्या खाली आला तसा ट्रेलर शांत झाला. ही पुढचे दहा मिनिटं एक शब्द बोलली नाही. आंबा घाट अजून पुढंच होता. आम्ही तिथूनच माघारी फिरलो.

परत येताना वाटेत वजनकाट्यावर गेलो. सगळं सामान खाली उतरवलं, ट्रेलर गाडीपासून सोडला आणि एकट्याला काट्यावर ढकललं. 560 किलो. काट्यावरच्या पोरानं चिठ्ठी दिली, ती मी अजून जपून ठेवलीय.

घरी येऊन हिशोब केला, जो मी ऑर्डर देतानाच करायला हवा होता. भिंती आणि छप्पर मिळून पावणेसोळा चौरस मीटर पत्रा होतो. 1.2 मिलिमीटर ॲल्युमिनियम चौरस मीटरला सव्वातीन किलोच्या आसपास, म्हणजे सगळा पत्रा 51 किलो. तेवढ्याच जाडीचं लोखंड चौरस मीटरला जवळपास साडेनऊ किलो, म्हणजे 148. शंभर किलोचा फरक नुसत्या पत्र्यात. बाकीचं वजन खाली सांगाड्याला जाड लोखंडी चॅनेल वापरल्याचं. त्याच्या गाळ्यात ते पडून असणार, दुसरं काय.

मग तरफ. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या टोकावर, गाडीच्या हिचवर (ट्रेलर जोडायचा मागचा हुक, त्यावर लोखंडी बॉल असतो) यायला हवा. मागं वजन जास्त झालं की ट्रेलर वेगात झोके खायला लागतो. भाचा जिमला जातो, तिथला उभं राहून वजन करायचा काटा त्यानं आणला. सपाट जागेवर तो विटांवर ठेवून ट्रेलरचं पुढचं टोक त्यावर टेकवलं. किमान 56 किलो दिसायला हवे होते. काटा 18वर थांबला. "मामा, काटा बिघडलाय काय?" म्हणून भाचा स्वतः उभा राहून बघून आला. काटा बरोबर होता. त्या बहाद्दरानं एक्सल पेटीच्या बरोबर मधोमध जोडला होता, कारण माप घ्यायला ते सोपं. आमचा स्वयंपाकाचा पसारा, गॅसची लहान टाकी आणि पाण्याचे दोन कॅन सगळे मागच्या दाराशी. भरल्यावर पुढचं टोक हिचवर दाबायच्या ऐवजी उचलतच असणार.

शेवटी उद्यमनगरातल्या एका जुन्या टर्नरकडं ट्रेलर नेला. सत्तरीचा माणूस, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. पेटीकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही, थेट हिचच्या बॉलला व्हर्निअर, म्हणजे मिलिमीटर मोजायचं माप, लावला. "साडेसत्तेचाळीस," म्हणाला. कपलरवर, म्हणजे त्या बॉलवर बसणाऱ्या ट्रेलरच्या वाटीवर, 50 कोरलेलं आहे. म्हणजे लेथवर अंदाजानं काढलेला लहान बॉल मोठ्या वाटीत. "सर, खड्ड्यात एक दणका बसला असता की हे निसटलं असतं. आणि साखळी कुठाय?" साखळी नव्हतीच. कपलर निसटला तरी ट्रेलर गाडीला धरून राहावा म्हणून दोन साखळ्या लावतात, हे मला त्या दिवशी कळलं. मग तो खाली वाकला आणि हसायला लागला. नवा टॉर्शन एक्सल म्हणजे कुठल्यातरी भंगारातल्या छोट्या कारचा मागचा एक्सल होता. ड्रमच्या मागं हँडब्रेकची केबल कापून, दुमडून, तारेनं बांधून ठेवलेली, वरून काळा रंग. "ब्रेक आहे, पण फक्त दाखवायला," म्हातारा म्हणाला. तपासणीचे पैसे त्यानं घेतले नाहीत.

ब्रेकचा मुद्दा मी आधी काढला होता. तेव्हा उत्तर मिळालं होतं, "युरोपात 750 किलोपर्यंत ब्रेक लागत नाही सर." हे खरं आहे. पण आपण युरोपात नाही, आणि पाणी, गॅस, गादी, भांडी भरल्यावर या पेटीचं वजन त्या आकड्याला टेकायला कितीसं लागतं?

नंबरची भानगड सगळ्यात वाईट. भाच्यानं सहज म्हणून पाटीवरचा नंबर एम-परिवहन ॲपमध्ये टाकला. वाहनाच्या प्रकारात शेतीची ट्रॉली आली. दुसऱ्या कुणाच्या तरी ट्रॉलीचा नंबर माझ्या मागं लावून मी एसटीसमोरून गेलो होतो! मोटार वाहन कायदा 1988 ट्रेलरलाही वाहनच समजतो, त्याची स्वतंत्र नोंदणी लागते. साखर कारखान्याला जाणाऱ्या ट्रॉलीला वेगळा नंबर असतो तो म्हणूनच. अपघात झाला असता तर विमा कंपनीसमोर मी कुठल्या तोंडानं उभा राहिलो असतो? पाटी त्याच रात्री काढून ठेवली.

आता तो फोन उचलत नाही. पोलिसांत गेलो तर पहिलं उत्तर "हा दिवाणी मामला." पण नंबरपाटीची गोष्ट आणि ॲपचा स्क्रीनशॉट दाखवल्यावर अर्ज घेतला गेला, पोच मिळाली. फसवणुकीचं जुनं 420 कलम आता भारतीय न्याय संहितेत 318 झालंय, ते अर्जात नीट लिहा. जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार टाकली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर आधी बोललो, त्यांनी कागद कसे लावायचे ते सांगितलं. माझ्याकडचे कागद म्हणजे एक लाखाची यूपीआय पावती, वजनकाट्याची चिठ्ठी आणि त्याचा एक व्हॉइस मेसेज: "ॲल्युमिनियम एक नंबर टाकतोय सर, अंबाबाईशप्पथ." 1 लाख 90 हजार रोख दिले, त्याला साक्षीदार फक्त ही. पक्कं बिल असतं तर त्यावर पत्रा, एक्सल, वजन सगळं लिहून घेता आलं असतं.

तुम्ही असं काही बनवून घेणार असाल तर गाळ्यात जाताना खिशात मॅग्नेट ठेवा आणि प्रायमर मारायच्या आधी जा. शेवटचा हप्ता घरी नाही, वजनकाट्यावर द्या. त्याआधी आपल्या गाडीचं माहितीपुस्तक उघडून ती किती वजन ओढू शकते ते बघा. मी जुन्या बोलेरोच्या दमावर विसंबलो, पुस्तक उघडलंच नाही.

ट्रेलर सध्या बहिणीच्या शेतात गोठ्यामागं उभा आहे. परवा एकाचा फोन आला, विकणार का म्हणून. म्हटलं, विकायचाय, पण वजन 560 आहे, ब्रेक नाही, एक्सल भंगारातला आहे, आणि नंबर नाही.

"नंबरचं सोडा हो काका," तो म्हणाला, "ते मी बघतो."

मी फोन ठेवला.