सोडियमसाठी आय-स्टॅट: आकडा खरा, पण ताडायचा कशाशी?

रुग्णाच्या रक्तातलं सोडियम ११२ म्हणजे धोकादायक कमी, झटके येताहेत आणि तीन टक्के सलाईन (मिठाचं दाट द्रावण) सुरू झालंय, अशा वेळी पुढचा आकडा लगेच हवा असतो. नळी मुख्य लॅबला जाणार, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरणार, मग रिपोर्ट येणार, इतका धीर तेव्हा परवडत नाही. ॲबटचं आय-स्टॅट हे हातात मावणारं यंत्र आणि त्यात घालायचं, एका चाचणीपुरतं केम ८ प्लस कार्ट्रिज नेमकं याच कामाचं. फक्त सोडियमपुरतं बोलायचं तर यंत्र चांगलं आहे, आयसीयू आणि कॅज्युअल्टीत असायलाच हवं. त्याच्याबद्दलच्या बहुतेक तक्रारी मात्र रक्त यंत्रात जाण्याआधीच्या चुकांच्या असतात.

कार्ट्रिजला ९५ मायक्रोलिटर, म्हणजे दोन-तीन थेंब रक्त पुरतं. दोनेक मिनिटांत सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, आयनाइज्ड कॅल्शियम, एकूण कार्बन डायऑक्साइड, ग्लुकोज, युरिया, क्रिएटिनिन आणि हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा) येतात. सोडियमची मोजणी लिटरमागे १०० ते १८० मिलिमोलपर्यंत. त्यापलीकडे आकडा न देता यंत्र '<१००' किंवा '>१८०' दाखवतं. कॅलिब्रेशनचं (मोजणी जुळवून घेण्याचं) द्रावण कार्ट्रिजच्या पोटातल्या पिशवीतच असतं आणि प्रत्येक चाचणीआधी ते आपोआप सेन्सरवरून जातं. म्हणून कार्ट्रिज धरताना कडेने धरायचं. मधोमध दाबलं तर ती पिशवी आधीच फुटते आणि कार्ट्रिज वाया जातं. रक्त खुणेपर्यंतच भरायचं, झाकण बंद करायचं, चाचणी चालू असताना यंत्र सपाट ठेवायचं आणि हलवायचं नाही. बुडबुडा गेला किंवा रक्त कमी-जास्त झालं की यंत्र एरर देतं. चिडचिड होते खरी, पण चुकीचा आकडा छापण्यापेक्षा हे बरं.

आता मुख्य मुद्दा. लॅबमधली बहुतेक मोठी यंत्रं मोजणीआधी प्लाझ्मा (रक्तातला पेशींशिवायचा द्रव) पातळ करतात आणि त्यात सुमारे ९३ टक्के पाणी आहे असं गृहीत धरतात. आय-स्टॅट आणि ब्लड गॅसची यंत्रं रक्त पातळ न करता थेट मोजतात. सोडियम राहतं प्लाझ्मातल्या पाण्यात. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) अतोनात वाढली, मायलोमा या कर्करोगामुळे प्रथिनं वाढली किंवा इम्युनोग्लोब्युलिनचे (प्रतिपिंडांचे) मोठे डोस दिले, तर पाण्याचा वाटा घटतो. समजा तो ८० टक्क्यांवर आला. पाण्यातलं सोडियम १५० म्हणजे अगदी नॉर्मल आहे, तरी लॅबचा रिपोर्ट १२० येईल. थेट मोजणारं यंत्र पाण्यातला आकडा नेहमीच्या ९३ टक्क्यांच्या हिशोबात बसवून १४० च्या आसपास दाखवेल, आणि तेच खरं. अशा रुग्णाला सलाईनचा उपचार सुरू करणं घातक ठरू शकतं. लॅबचा १२० पाहून शंका आली, तर दोन मिनिटांच्या या चाचणीइतका सोपा निकाल दुसरा नाही.

आयसीयूत मात्र जास्त वेळा उलटं घडतं. तिथल्या रुग्णांचं अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन) खाली असतं, पाण्याचा वाटा वाढलेला असतो, त्यामुळे लॅबचा आकडा खऱ्यापेक्षा चढा येतो. दोन ते पाच मिलिमोलचा फरक तिथे नवलाचा नाही. आता हिशोब पाहा: सकाळी लॅबने ११२ सांगितलं, प्रत्यक्षात होतं १०८. संध्याकाळी आय-स्टॅटवर ११८ आलं. फाइलमध्ये सहाची वाढ दिसते, रुग्णाच्या मेंदूने मात्र दहाची सोसलेली असते. दारूचं व्यसन, कुपोषण, यकृताचा आजार, कमी पोटॅशियम किंवा १०५ च्या आतलं सोडियम असेल तर २४ तासांत ८ ची मर्यादा पाळतात, कारण त्याहून वेगाने चढलं तर ऑस्मोटिक डिमायलिनेशनचा (मेंदूतल्या मज्जातंतूंचं आवरण खराब होण्याचा) धोका असतो. म्हणजे फाइलमध्ये सगळं ठीक आणि प्रत्यक्षात मर्यादा ओलांडलेली. उपचार सुरू असेपर्यंत एकाच यंत्राचे आकडे एका रांगेत लिहायचे. लॅबचे आकडे हवे असतील तर वेगळ्या रकान्यात.

नमुन्याच्या चुकांमध्ये पहिला नंबर ड्रिप चालू असलेल्या हाताचा. रक्तात दहावा हिस्सा पाच टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाईन) मिसळलं, तर १४० चं सोडियम १२६ होतं, पण ग्लुकोज १०० वरून ५९० वर उडी मारतं. केम ८ प्लसमध्ये दोन्ही एकाच पडद्यावर दिसतात, त्यामुळे ही चूक लपत नाही. नॉर्मल सलाईनची भेसळ जास्त लबाड. तितकंच मिसळलं तर १२० चं १२३ होतं आणि उपचार लागू पडतोय असं वाटतं. तिथे क्लोराइड पाहायचं (८५ असेल तर ९२ होईल) आणि कॅल्शियम एकदम उतरलंय का ते पाहायचं. नमुना दुसऱ्या हातातूनच घ्या. आर्टेरियल लाईन (धमनीत बसवलेली नळी) असेल तर नळीतल्या मृत जागेत, म्हणजे द्रवाने भरलेल्या पोकळीत, मावेल त्याच्या किमान तिप्पट रक्त आधी बाजूला काढा.

सिरिंज सुक्या, बॅलन्स्ड (कॅल्शियम कमी न दाखवणाऱ्या) लिथियम हेपारिनची, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची हवी. बाटलीतलं हेपारिन सिरिंजमध्ये ओढून घेण्याची जुनी सवय अजून गेलेली नाही. त्याने नमुना पातळ होतो, कॅल्शियम कमी दिसतं आणि सोडियम हेपारिन असेल तर सोडियमही बिघडतं. निळ्या किंवा राखाडी बुचाच्या नळीतलं रक्त तर अजिबात चालत नाही, कारण सायट्रेट आणि फ्लोराइड हे दोन्ही तिथे सोडियमचेच क्षार असतात. सिरिंज तळहातांमध्ये फिरवून रक्त नीट मिसळायचं आणि कार्ट्रिज भरण्याआधी पहिले थेंब टाकून द्यायचे. संपूर्ण रक्तात हिमोलिसिस (लाल पेशी फुटणं) डोळ्यांना दिसत नाही. सोडियमला त्याने फारसा फरक पडत नाही, पण शेजारचं पोटॅशियम फसवं असू शकतं.

ग्लुकोज खूप वाढलं की पाणी रक्तात ओढलं जातं आणि सोडियम कमी दिसतं; यंत्र त्याची दुरुस्ती करत नाही. ग्लुकोज ६०० असेल तर १०० च्या वरच्या प्रत्येक शंभराला १.६ धरून सोडियममध्ये ८ मिळवायचे. २.४ चा गुणक धरणारे १२ मिळवतात. तेव्हा पडद्यावरचं १२६ हे पाणी जास्त झाल्याचं नव्हे, साखरेचं लक्षण असू शकतं.

तीन टक्के सलाईनच्या १५० मिलीत सुमारे ७७ मिलिमोल सोडियम असतं. ते २० मिनिटांत दिलं तर प्रौढ माणसाचं सोडियम साधारण दीड-दोनने चढतं. यंत्राची स्वतःची हालचालही एक-दोनची असते, म्हणून एका बोलसनंतरच्या (एकदम दिलेल्या डोसनंतरच्या) आकड्यावरून शाबासकी किंवा घबराट दोन्ही नको. झटके थांबायला एकूण ४ ते ६ ची वाढ बहुधा पुरते. खरी मेहनत त्यानंतर लागते: लघवी अचानक तासाला १०० मिलीच्या वर गेली की सोडियम भराभर चढणार हे धरून चालायचं आणि दर दोन तासांनी चाचणी करायची. वेग आवरायला डेस्मोप्रेसिन (लघवीतून पाणी जाणं कमी करणारं औषध) आणि पाच टक्के डेक्स्ट्रोज लागतं, ते कधी सुरू करायचं हे याच आकड्यांवरून ठरतं. पोटॅशियम भरून काढतानाही सोडियम चढतं, हे बरेचदा विसरलं जातं. वाढलेलं सोडियम उतरवतानाही यंत्र तितकंच उपयोगी: ७० किलोच्या पुरुषाचं १६० असेल तर पाण्याची तूट सुमारे ६ लिटर निघते, पण हे सूत्र चालू असलेलं नुकसान धरत नाही, त्यामुळे दिशा चाचणीच सांगते.

उणिवा दोन. ऑस्मोलॅलिटी (रक्तात विरघळलेल्या कणांचं प्रमाण) मिळत नाही आणि लघवी यावर तपासता येत नाही, म्हणजे सोडियम कमी का झालं याचं उत्तर लॅबकडूनच घ्यावं लागतं. दुसरं, हिमॅटोक्रिट विद्युतवाहकतेवरून काढलं जातं. प्रथिनं कमी असली की ते खोटं कमी येतं, त्यावर रक्त चढवायचा निर्णय नको.

कार्ट्रिज २ ते ८ अंशांत ठेवायचे. एकटं कार्ट्रिज वापराआधी ५ मिनिटं बाहेर, पूर्ण खोका असेल तर तासभर. बाहेर काढलेलं परत फ्रीजमध्ये जात नाही. १८ ते ३० अंशांत केम ८ प्लस १४ दिवस टिकतं, म्हणून काढल्याची तारीख पाकिटावर लगेच लिहायची. यंत्र स्वतः १६ ते ३० अंशांतच काम करतं. वॉर्ड त्याहून तापला तर ते चाचणी घ्यायला नकार देतं, तेव्हा त्याची जागा एसीच्या खोलीत आणि चार्जरजवळ ठरवून ठेवावी.