ब्रेकपॉइंट कुठे ठेवायचा: मेमरीत की रजिस्टरात?

पुण्यात स्वतःचा डीबगर (चालता प्रोग्राम थांबवून आत बघायचं साधन) लिहायला बसणारे साधारण दोन प्रकारचे असतात. एक लिनक्सवरच्या सी प्रोग्रामसाठी, बहुधा शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला. दुसरे तपकीर गल्लीतून आणलेल्या एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डासाठी. प्रश्न दोघांचा एकच आहे: ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्राम जिथे थांबवायचा ती खूण, मेमरीतल्या कोडमध्ये लिहायची की प्रोसेसरच्या रजिस्टरात? उत्तर मात्र एक नाही.

लिनक्सवाल्यांनी आधी मेमरी पॅच करावी (म्हणजे कोडचा बाइट बदलावा), हार्डवेअरच्या मागे नंतर लागावं. कारण साधं आहे. एक्स८६ (इंटेल-एएमडीच्या) प्रोसेसरमध्ये ब्रेकपॉइंटचे पत्ते ठेवायला डीआर० ते डीआर३ अशी चारच रजिस्टरं असतात. सीसी या एका बाइटाने, म्हणजे ‘इथे थांब’ या इन्स्ट्रक्शनने, हवे तितके ब्रेकपॉइंट लावता येतात.

समजा फंक्शन ४०११३६ या पत्त्यावर सुरू होतं आणि तिथे ५५ ४८ ८९ ई५ हे बाइट आहेत (सगळे आकडे हेक्समध्ये). ५५ म्हणजे पुश आरबीपी, आरबीपी रजिस्टर स्टॅकवर ठेवणारं इन्स्ट्रक्शन. तो टेबलात जपून ठेवा आणि त्याच्या जागी सीसी लिहा. प्रोसेसर तिथे पोचला की सिगट्रॅप (थांबल्याचा सिग्नल) येतो, पण आरआयपी (पुढच्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता ठेवणारं रजिस्टर) ४०११३७ दाखवतो, म्हणजे एक बाइट पुढे. आता आरआयपी एकने मागे घ्या, ५५ परत बसवा, एकच इन्स्ट्रक्शन सिंगलस्टेप करा, सीसी पुन्हा लिहा आणि मगच कंटिन्यू करा.

आरआयपी मागे घ्यायचा राहिला तर प्रोग्राम तिथल्या तिथे कोसळत नाही, आणि म्हणूनच ही चूक सापडायला वेळ खाते. पुश न होताच फंक्शन बहुतेकदा शेवटपर्यंत चालतं. मग पॉप रिटर्न ॲड्रेसच उचलून आरबीपीत टाकतो आणि रिटर्न भलतीकडेच उडी मारतो. मात्र आरआयपी मागे घेण्याआधी तो पत्ता आपल्या टेबलात आहे ना, हे तपासा. काही प्रोग्राममध्ये सीसी मुळातच लिहिलेला असतो. तिथे मागे गेलात तर तोच ट्रॅप पुन्हा पुन्हा येत राहील.

पीट्रेस या लिनक्सच्या डीबगिंग कॉलचा पोकटेक्स्ट (मेमरीत लिहिण्याची विनंती) ६४ बिट लिनक्सवर एका वेळी ८ बाइट लिहितो. इथे बरेच जण ते आठही बाइट ‘मूळ’ म्हणून जपून ठेवतात. मग शेजारी, त्याच आठ बाइटांत दुसरा ब्रेकपॉइंट लावला की पहिला काढताना दुसऱ्याचा सीसीही पुसला जातो. एरर येत नाही, फक्त तो ब्रेकपॉइंट लागत नाही. जपायचा तो एकच बाइट. काढताना ताजे आठ बाइट वाचा आणि त्यातला तेवढाच बदला.

पॅचिंगची खरी किंमत थ्रेडमध्ये (एकाच प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या प्रवाहांत) कळते. ५५ परत बसवून एक थ्रेड सिंगलस्टेप करत असताना दुसरा थ्रेड तिथून बिनदिक्कत निघून जातो. त्यामुळे तेवढ्यापुरते बाकीचे सगळे थ्रेड थांबवावे लागतात. फोर्क झाला (प्रोसेसने स्वतःची प्रत काढली) की त्या प्रतीकडे, म्हणजे मुलाकडेही, सीसी जातो. त्याच्यावर डीबगर लावलेला नसेल तर तो सिगट्रॅपने मरतो. डिटॅच करण्याआधी (डीबगर सोडवण्याआधी) सगळे पॅच काढायचे ते यासाठीच. आणि वापरणाऱ्याला मेमरी दाखवताना सीसी नाही, मूळ बाइट दाखवा.

हार्डवेअर रजिस्टरांचं मोठेपण कोडला हात न लावण्यात आहे. स्वतःचा चेकसम (कोडच्या बाइटांवरून काढलेली बेरीज) तपासणाऱ्या प्रोग्रामला ती कळत नाहीत. ‘हे व्हेरिएबल कोण बदलतंय?’ याचं उत्तर तर पॅच देऊच शकत नाही. तिथे डीआर७ या नियंत्रण रजिस्टरात लेखनाची अट आणि १, २, ४ किंवा ८ बाइटांची लांबी भरा. पत्ता त्या लांबीला अलाइन केलेला हवा. लेखनाचा वॉचपॉइंट (डेटावरचा ब्रेकपॉइंट) इन्स्ट्रक्शन झाल्यावर थांबवतो, एक्झिक्यूटचा ब्रेकपॉइंट होण्याआधी. म्हणून इथे आरआयपी मागे घ्यायचा नाही. ही रजिस्टरं प्रत्येक थ्रेडची वेगळी असतात, नवा थ्रेड आला की त्यातही भरावी लागतात.

एआरएम६४ प्रोसेसरवर ब्रेक इन्स्ट्रक्शन ४ बाइटांचं असतं आणि पीसी (तिथला आरआयपी) त्याच्यावरच थांबतो. एक्स८६चं कोड तसंच उचललंत तर पीसी उगाच मागे जाईल.

आता बोर्ड. एसटीएम३२एफ१०३मध्ये प्रोग्राम फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) असतो. तिथे पॅच करायचा तर अख्खं पान पुसून पुन्हा लिहावं लागतं, आणि पुसण्या-लिहिण्याची हमी १०,००० वेळांचीच आहे. शिवाय पॅच आत राहिला आणि बोर्ड डीबगरविना चालू केला तर बीकेपीटीवर (इथल्या ब्रेक इन्स्ट्रक्शनवर) येताच हार्डफॉल्ट, म्हणजे प्रोसेसरची गंभीर चूक. म्हणून फ्लॅशसाठी हार्डवेअरच वापरा: कॉर्टेक्स-एम३च्या (या चिपमधल्या प्रोसेसरच्या) एफपीबी या ब्रेकपॉइंट युनिटात इन्स्ट्रक्शनचे ६ कम्पॅरेटर (पत्ता जुळतो का ते पाहणारे) असतात. पण त्यांची हद्द २००००००० (हेक्स) या पत्त्याच्या अलीकडे संपते, आणि या चिपची रॅम तिथूनच सुरू होते. रॅममध्ये चालणाऱ्या कोडला बीकेपीटीचा २ बाइटांचा पॅचच लागतो.

सहाच्या सहा मात्र वापरून टाकू नका. जीडीबी या डीबगरमध्ये नेक्स्ट दिलं की फंक्शन ओलांडून परत थांबण्यासाठी त्याला स्वतःचा एक तात्पुरता ब्रेकपॉइंट लागतो. पाच लावा, एक मोकळा ठेवा.