पुरावा कायद्याचा रेकॉर्डेड कोर्स: लेक्चर भारी, नोट्स जुन्या

जेएमएफसीच्या (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी) परीक्षेच्या तयारीसाठी हा कोर्स घेतला होता. अटक झाल्यावर आरोपी पोलिसांसमोर जे काय बोलतो त्यातलं कोर्टात किती टिकतं, या एका टॉपिकसाठी पैसे वसूल, बाकी ठीकठाक.

पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही हे तर कुठल्याही गाईडमध्ये मिळेल. सर त्याच्या पुढे जातात. आरोपी स्वतःच ठाण्यात येऊन 'मीच मारलं' अशी फिर्याद देतो, मग ती एफआयआर आरोपीविरुद्ध वापरायची का? सुप्रीम कोर्टाची अघ्नू नगेसिया केस घेऊन नीट समजावलंय की नुसतं 'मारलं' हे वाक्यच नाही, हेतू, तयारी, कबुलीतलं सगळंच बाहेर जातं, रिकव्हरीपुरता भाग (म्हणजे ज्यावरून वस्तू सापडते तेवढा) सोडून.

या रिकव्हरीचं, म्हणजे जुन्या पुरावा कायद्याच्या कलम २७ चं लेक्चर तर दोनदा बघा. 'सुरा घराच्या छपरात लपवलाय, काढून देतो' एवढं चालतं, पुढचं 'त्याच सुऱ्याने मी भोसकलं' हे कापायचं, हा प्रिव्ही कौन्सिलचा (ब्रिटिशकाळातलं शेवटचं अपील कोर्ट) पुलुकुरी कोट्टय्या केसमधला १९४७ चा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण सर अख्खा मेमोरंडम पंचनामा (पंचांसमोर लिहिलेलं आरोपीचं निवेदन) स्क्रीनवर टाकून लाल पेनाने एकेक ओळ खोडत जातात आणि मग विचारतात की पंच फितूर झाला तर काय, सुरा उघड्यावरच पडलेला असेल तर काय, आयओला (तपास अधिकाऱ्याला) जागा आधीच माहीत असेल तर काय. उलटतपासणीत हेच तर विचारतात ना!

आता नोट्स. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, जुनी २५, २६, २७ ही तिन्ही कलमं आता कलम २३ मध्ये आलीत, २७ तर परंतुक (अपवादाची जोड) म्हणून खाली बसलंय, आणि पीडीएफमध्ये याचा पत्ताच नाही. जुन्या केसेस जुन्या कायद्याने चालतायत, मान्य, पण मग दोन्ही नंबर द्या ना.

एनडीपीएसचं (अमली पदार्थविरोधी कायदा) कलम ६७ आणि त्याखालच्या जबाबांवरचा सुप्रीम कोर्टाचा तोफान सिंग निकाल (२०२०) घाईत उरकलाय. मकोका (राज्याचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) तर एका वाक्यात! महाराष्ट्रातल्या पोरांना शिकवताय आणि एसपी किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब मकोकाच्या कलम १८ खाली पुराव्यात येऊ शकतो, हा एवढा मोठा अपवाद सोडून देताय? तीन स्टार. नोट्स अपडेट केल्या तर चौथा देईन.