पंप परत नेलाच नाही, वर म्हणे रिटर्न मीच रद्द केला

३,८४९ रुपये गेले. ऐन कपाशीच्या फवारणीत गेले म्हणून चीड जास्त आहे. आपल्या जळगाव-धुळ्याकडचे कितीतरी शेतकरी आता बॅटरी पंप मोबाईलवरूनच मागवतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

वीस लिटरचा, डबल मोटरचा पंप. जाहिरातीत बॅटरी १२ व्होल्ट, १२ अँपिअर. बाजारात तशाच पंपाचे ४,६०० सांगत होते. वावरात मावा-तुडतुडे पडलेले, जुना पंप फुटलेला, अशा वेळी ७५१ रुपये वाचत असतील तर कोण सोडेल?

सालदाराने साधं पाणी भरून पंप पाठीवर घेतला आणि बटण दाबलं. एक मोटर घरघरली, दुसरी ढिम्म. नोझलमधून फवारा नाहीच, नुसते थेंब गळत होते. खालचं झाकण काढलं तर बॅटरीवर छापलेलं १२ व्होल्ट, ८ अँपिअर. म्हणजे माल बिघडलेला तर होताच, शिवाय जाहिरातीतला नव्हताच. त्याच संध्याकाळी ॲपवर फोटो टाकून रिटर्न मागितला. पार्सल फोडतानाचा व्हिडिओ काढा, बॅटरीवरचा आकडा त्यात दिसू द्या, आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट लगेच घ्या. माझी तक्रार गेल्यावर त्या पानावरचा बॅटरीचा आकडाच बदलला.

पुढचा खेळ तुम्हाला माहीत असेल. आधी टेक्निशियन येऊन बघणार म्हणे. तो आलाच नाही, तारीख पुढे सरकत राहिली आणि सात दिवसांची मुदत संपत आली. शेवटच्या दिवशी पिकअपवाला पोरगा आला. त्याने टाकीचं झाकण उघडलं, आत बोट फिरवलं, फोटो काढला. "दादा, टाकी ओली आहे. वापरलेला माल घेता येत नाही." अरे, पाणी न भरता फवारणी पंप चालतो की नाही हे कळणार कसं? मग म्हणाला, "ऑफिसला विचारून उद्या नेतो, एंट्रीपुरता ओटीपी सांगा."

हाच तो क्षण. पंप माझ्या ओट्यावर, पोरगा रिकाम्या हाताने निघालेला, मग ओटीपी कशाचा? आजही ते आठवलं की डोकं भणभणतं. पण सिलिंडर घ्या की पार्सल घ्या, दारावर ओटीपी सांगायची सवय यांनीच लावली ना? मेसेज इंग्रजीत, डोक्यावर ऊन, समोर पोरगा गाडी चालू ठेवून उभा. तो ओटीपी रिटर्न रद्द करण्याचा होता. रात्री ॲपवर आलं, 'ग्राहकाच्या विनंतीवरून रद्द'. सकाळी मुदत संपलेली. माल गाडीत चढल्याशिवाय ओटीपी सांगायचा नाही, समोरचा कितीही घाई करो.

कस्टमर केअरचं एकच पालुपद, 'पॉलिसीप्रमाणे विंडो बंद झाली सर.' पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणे कंपनी बाहेरच्या राज्यातली, हे दिवाणी प्रकरण, इथे नोंद होत नाही. अर्जावर पोच मागितली तर साहेब बंदोबस्तावर. तहसीलला गेलो तर टेबलावरच्या बाईंनी वर न बघता सांगितलं, इथे रेशनचं काम चालतं. मग ग्राहकांचं काम कुठे चालतं? ते कुणालाच माहीत नाही. भिंतीवर मात्र 'जागो ग्राहक जागो'चं पोस्टर. जागा झालेला ग्राहक समोर उभा आहे, त्याला साधी खुर्ची द्यायची यांची तयारी नाही. तीन-चार हजारांची तक्रार म्हटली की सगळे हसतात. फवारणीला शेजाऱ्याचा पंप भाड्याने आणला, त्याचे ६०० वेगळेच गेले.

आणि कायदा काय म्हणतो? २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत स्पष्ट आहे. माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, तर विक्रेता तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देऊ शकत नाही. कंपनीची पॉलिसी कायद्यापेक्षा मोठी नाही. कंपनीला तक्रार अधिकारी नेमून त्याचं नाव साइटवर द्यावंच लागतं. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिनाभरात तक्रार निकाली काढायची. त्यालाच लेखी कळवा, फोनवरच्या गोड बोलण्याला पुरावा नसतो. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, तिथे दुसरे चोर टपलेले असतात.

१९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथे मराठीतून बोलता येतं, पण ती आदेश देत नाही, मध्यस्थी करते. आदेश जिल्हा ग्राहक आयोगच देतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या गावाला जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. हे मला ना ठाण्यात सांगितलं, ना तहसीलला.

मी ३,८४९ अधिक ६०० आणि मनस्तापाची भरपाई मागून तक्रार दाखल केली आहे. पंप तसाच ठेवलाय, दुरुस्त केलेला नाही. तुम्हीही करू नका, पुरावा जातो. तक्रारीचा मराठी मसुदा माझ्याकडे तयार आहे. कुणाचा असाच पंप अडकला असेल तर मागून घ्या, नाव आणि रक्कम बदलून वापरा.